तुटीच्या वर्षाचा कायदा

चांगल्या पावसाच्या वर्षी पाणीवाटपाचा कोणताही करार यशस्वी दिसतो. धरणे भरतात, कालव्यांची आवर्तने वेळेवर सुटतात, खालच्या राज्याच्या हिश्श्याचे पाणी सांडव्यावरून आपोआप पुढे जाते आणि पाण्यासाठी कोणी न्यायालयाचे दार ठोठावत नाही. संस्थेची परीक्षा होते ती पावसाने पाठ फिरवल्यावर. त्या वर्षी वाटायची असते ती तूट. कोणाचा हिस्सा किती कापायचा, कोणत्या पिकाची पाळी रद्द करायची, कोणत्या शहराने किती काटकसर करायची, हे ठरवायचे असते. भारताच्या जलव्यवस्थेतला मूळ दोष माझ्या मते हा आहे की तिने पाणी वाटणाऱ्या यंत्रणा उभ्या केल्या, पण तूट वाटणाऱ्या यंत्रणा उभ्या केल्या नाहीत. एकदा आकडे ठरवून मोकळे होणारे लवाद, एकदा मंजुरी देऊन मोकळे होणारे प्रकल्प अहवाल आणि संकट आले की धावपळ करणारे प्रशासन, अशी या व्यवस्थेची घडण आहे. देशाला टिकाऊ जलव्यवस्थापन हवे असेल, तर बदलत्या परिस्थितीला नियमाने प्रतिसाद देणाऱ्या आणि तो नियमही ठरावीक मुदतीने तपासणाऱ्या संस्था लागतील. त्या कशा असाव्यात, याचे धडे आपल्याच नद्यांच्या इतिहासात आहेत.

पाऊस लहरी आहे, हे आपल्याला नव्याने कळलेले नाही. तरीही गेल्या काही वर्षांतले चढउतार आठवले की जुन्या सरासरीवर विसंबणे किती धोक्याचे झाले आहे ते दिसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. तीनच वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, त्याच मिरजेच्या शेजारची सांगली कृष्णेच्या महापुरात बुडाली. त्याआधीच्या वर्षी, २०१८ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. तोवर वापरात असलेल्या तारखा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळू लागला असेल, तर धरण कोणत्या तारखेला किती भरायचे, पुरासाठी किती जागा मोकळी ठेवायची आणि रब्बीच्या पाण्याचा हिशोब केव्हा मांडायचा, ही सारी गणितेही बदलायला हवीत. देशात पाच हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के एकट्या महाराष्ट्रात आहेत. म्हणजे हे गणित चुकले तर त्याची सर्वाधिक किंमत मोजणाऱ्यांत आपण असू.

आपला कायदेशीर सांगाडा मात्र पाणी स्थिर आहे असे धरून चालतो. राज्यघटनेने पाणी राज्यसूचीत ठेवले आणि आंतरराज्य नद्यांच्या नियमनाचा अधिकार संसदेला दिला. त्याआधारे १९५६ मध्ये दोन कायदे झाले. पहिला नदी मंडळांचा. खोऱ्यातल्या राज्यांनी एकत्र बसून नियोजन करावे, हा त्याचा हेतू होता. त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. दुसरा कायदा आंतरराज्य पाणी तंट्यांचा. तोच वापरात राहिला. परिणामी, राज्ये पाण्यासाठी एकत्र येतात ती भांडण झाल्यावर आणि वादी-प्रतिवादी म्हणून. लवाद वर्षानुवर्षे पुरावे ऐकतो, निवाडा देतो आणि विसर्जित होतो. कावेरी लवाद १९९० मध्ये नेमला गेला आणि त्याचा निवाडा २००७ मध्ये आला. कृष्णेचा दुसरा लवाद २००४ मध्ये नेमला गेला, त्याने २०१० मध्ये निर्णय दिला, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ मधील आदेशामुळे त्याची राजपत्रातली प्रसिद्धी थांबली. एवढ्या काळात खोऱ्यातली पिके बदलतात, शहरे वाढतात, पावसाचा तोंडवळा बदलतो. निवाडा हाती येतो तेव्हा तो ज्या नदीविषयी बोलतो, ती नदी मागे पडलेली असते.

कृष्णेचेच उदाहरण खोलात पाहू. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने ७८ वर्षांच्या नोंदींवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरले आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी असे मूळ वाटप केले. पुढे न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या लवादाने १९६१-६२ पासूनच्या ४७ वर्षांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा त्याच नदीचे ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २,१७३ टीएमसी निघाले. नोंदींचा कालखंड बदलला की नदीचा आकडा बदलतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. पण अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे शंभरातल्या सुमारे पंचवीस वर्षी तेवढे पाणी येणारच नाही. त्या पंचवीस वर्षांचे काय? हा प्रश्न बच्छावत लवादापुढे स्पष्टपणे होता. त्याने दोन योजना मांडल्या होत्या. पहिल्या योजनेत ठरलेल्या पाण्याचे वाटप होते. दुसऱ्या योजनेत कृष्णा खोरे प्राधिकरण नेमून जादा पाणी आणि तूट दोन्ही दरवर्षी वाटून घेण्याची व्यवस्था होती. राज्यांची सहमती न झाल्याने ही दुसरी योजना अंतिम आदेशात आली नाही. पहिली तेवढी आली. अर्धशतकापूर्वी तूट वाटण्याची कल्पना आपल्या हाती होती आणि ती आपण बाजूला ठेवली. त्यानंतरचे कितीतरी तंटे त्या गाळलेल्या योजनेची किंमत आहेत.

ही चूक आपणच केली असे नाही. अमेरिकेत १९२२ मध्ये कोलोरॅडो नदीचा करार झाला तेव्हा हाती असलेल्या नोंदी नेमक्या ओल्या वर्षांच्या होत्या. त्यांवर भरवसा ठेवून वरच्या आणि खालच्या खोऱ्याला दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी ठरवले गेले. नदीला तेवढे पाणी टिकून राहिले नाही. अखेर २००७ मध्ये मीड जलाशयाच्या पातळीशी जोडलेले कपातीचे नियम करावे लागले. पाणी अमुक पातळीखाली गेले की कोणाचा हिस्सा किती कमी होणार हे आधीच लिहून ठेवले गेले आणि २०२१ मध्ये तुटीची पहिली अधिकृत घोषणा त्याच नियमांनुसार झाली. हे नियम उशिरा आले आणि अपुरेही पडले. तरी आकड्यांकडून अटींकडे, ‘इतके पाणी मिळेल’कडून ‘पातळी इतकी असेल तर इतके मिळेल’कडे झालेला तो प्रवास महत्त्वाचा आहे. कावेरीच्या बाबतीत आपण अजून अर्ध्या वाटेवर आहोत. निवाड्याने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने सर्वसाधारण वर्षाचे हिस्से ठरले, कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरणही आले. पण टंचाईच्या वर्षी प्रमाणात कपात करावी यापलीकडे, राज्यांना मान्य असलेले कपातीचे कोष्टक नाही. म्हणून २०२३ मध्ये पाऊस कमी होताच किती क्युसेक पाणी सोडायचे यावर पंधरवड्या-पंधरवड्याला घासाघीस झाली, कर्नाटकात बंद पुकारले गेले आणि प्रकरण पुन्हा न्यायालयाच्या दारात गेले.

तुटीचा नियम लिहिता येतो का, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने दिले आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या वर, नाशिक आणि नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत, दारणा, गंगापूर, पालखेड, भंडारदरा, मुळा असे धरणसमूह आहेत. वरची साठवण आणि वापर वाढत गेला तसे जायकवाडीच्या नाथसागर जलाशयात येणारे पाणी घटले आणि तुटीच्या वर्षी मराठवाड्याच्या वाट्याला रिकामे धरण येऊ लागले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात टंचाईच्या काळात खोऱ्यातल्या सर्वांना समन्यायी पाणी मिळावे, असे कलम होते. त्याच्या आधारे मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्यावर आधारित आदेश काढला. १५ ऑक्टोबरला, खरिपातला वापर धरून, जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल, तर वरच्या कोणत्या धरणसमूहातून किती पाणी सोडायचे हे कोष्टकाने ठरते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हा समन्यायी वाटपाचा मार्ग वैध ठरवला. भारतातल्या जलव्यवस्थेत ही दुर्मीळ घटना आहे. एका तारखेचे मोजमाप, एक ठरलेली पातळी आणि त्यावरून निघणारी कृती. त्यात कोणाची मर्जी नाही, निदान कागदावर तरी नाही.

या नियमाच्या मर्यादाही तितक्याच शिकवणाऱ्या आहेत. दारणेतून किंवा मुळेतून सोडलेले पाणी कोरड्या पात्रातून पैठणपर्यंत जाताना मोठ्या प्रमाणात जिरते, बाष्प होते, वाटेतल्या बंधाऱ्यांत अडते. नाशिक-नगरच्या शेतकऱ्याचा आक्षेप खरा आहे की त्याच्या धरणातून जेवढे कमी होते, तेवढे खाली पोहोचत नाही. पाणी किती आणि केव्हा सोडायचे, यावर २०२३ च्या नोव्हेंबरातही रस्त्यावर आणि न्यायालयात वाद झाला. आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे, ज्या नियमाची वेळोवेळी फेरतपासणी अभिप्रेत होती, त्याच्या पुनर्विलोकनासाठी समिती नेमली गेली ती २०२३ मध्ये. नऊ वर्षांत पिके बदलली, पाण्याच्या मागण्या बदलल्या, पण कोष्टक तेच राहिले. खालच्यांना वाटते की वरचे नियम मोडतात. वरच्यांना वाटते की नियमच जुना झाला आहे. पुनर्विलोकन वेळेवर झाले असते तर निदान दुसऱ्या तक्रारीला जागा उरली नसती. जायकवाडीने दाखवून दिले की परिस्थितीशी जुळवून घेणारा नियम शक्य आहे. स्वतःलाही तपासण्याची सवय नसेल तर तोच नियम नव्या वादाचे कारण बनतो, हेही तिथेच दिसले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लवचिक संस्था म्हटले की आपल्याकडे मर्जीने चालणारी संस्था डोळ्यांसमोर येते, आणि त्याला कारणही आहे. कालव्यांची आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समित्यांच्या बैठकीत हिशोबापेक्षा वजन चालते, ही लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. २००५ च्या कायद्याने पिण्याचे पाणी, शेती आणि उद्योग यांच्यातले वाटप ठरवण्याचा अधिकार स्वतंत्र प्राधिकरणाकडे दिला होता. २०११ च्या दुरुस्तीने तो मंत्रिमंडळाकडे गेला. त्याच कायद्याने मागितलेला एकात्मिक राज्य जल आराखडा तयार व्हायला एका तपाहून अधिक काळ लागला, आणि उच्च न्यायालयाने आराखड्याशिवाय नव्या प्रकल्पांना मंजुरी देण्यास मनाई केल्यावरच त्या कामाला गती आली. ही जुळवून घेण्याची क्षमता नव्हे. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे पाणी वळणे म्हणजे नियमाचा अभाव. खरी लवचिकता त्याच्या उलट असते. परिस्थिती बदलली की निर्णय बदलतो, पण तो कसा बदलणार हे सर्वांना आधीच ठाऊक असते. शेतकऱ्याला पेरणीपूर्वी कळते की साठा अमुक असेल तर दोन पाळ्या मिळतील, तमुक असेल तर एकच.

ही कल्पना आपल्या मातीला नवी नाही. धुळे-नाशिक भागात पांझरेसारख्या नद्यांवर काही शतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागलेले असे. एका फडात एकच पीक, आणि बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाहून अधिक फडांत. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा अख्खा फड पडीक ठेवला जाई आणि नुकसान सर्वांमध्ये वाटले जाई. पाटकरी, हवालदार आणि जागले पाण्याची राखण करत आणि त्यांचे मानधन शेतकरीच देत. पुढे १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीशी न जोडता माणसाशी जोडला. दर माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी, भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला मनाई. दिंडोरी तालुक्यात वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्थांनी मिळून प्रकल्पाचे व्यवस्थापन हाती घेतले. या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. पाण्याचा हक्क ठाम, त्याचे वार्षिक प्रमाण परिस्थितीनुसार, आणि मोजमाप वापरणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. याच सूत्राला खोऱ्याच्या आणि देशाच्या पातळीवर नेणे हे आजचे काम आहे.

नद्यांपेक्षाही कठीण प्रश्न जमिनीखालचा आहे. जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे. वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर पाणी आपण विहिरी आणि बोअरवेलमधून काढतो. कायदा मात्र अजूनही १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून आलेल्या समजुतीवर उभा आहे की ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा आहे. इथे जमिनीखाली पाण्याचा एकसंध साठा नसतो. भेगा आणि मुरमाच्या थरांत तो तुकड्यातुकड्यांनी असतो. म्हणून राज्यभर एकच मर्यादा लावणे निरर्थक ठरते. पाणलोटागणिक, दर पावसाळ्यानंतर, उपलब्ध पाणी मोजून त्या वर्षीचे पीक ठरवणे हाच मार्ग उरतो. हिवरे बाजार या गावात पाण्याचा ताळेबंद मांडूनच पीक ठरते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात पाणलोट समित्यांची आणि पाणी वापराच्या आराखड्याची तरतूद आहे, पण ती गावोगावी जिवंत झालेली नाही. केंद्राच्या अटल भूजल योजनेने राज्यांचा निधी गावांच्या जलसुरक्षा आराखड्यांशी आणि मोजता येणाऱ्या परिणामांशी जोडला. ती दिशा बरोबर आहे, पण ती योजनेपुरती आहे. कायमच्या संस्थेत तिचे रूपांतर व्हायचे बाकी आहे.

एकच नियम करून थांबले तर काय होते, ते पंजाबने दाखवले. भूजल वाचवण्यासाठी २००९ च्या कायद्याने भाताच्या लावणीला ठरावीक तारखेपूर्वी बंदी घातली. ऐन उन्हाळ्यातला उपसा टळावा, हा हेतू योग्य होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीआधी शेत मोकळे करायला मोजके दिवस उरले आणि पराळी, म्हणजे भाताचे उरलेले काड, जाळण्याला त्यातून बळ मिळाले. त्याचा धूर दिल्लीपर्यंत गेला. पाण्याचा नियम हवेचा प्रश्न बनला, कारण नियम करणाऱ्या यंत्रणेकडे त्याचे परिणाम पाहून तो दुरुस्त करण्याची आणि शेती, वीज, खरेदी-धोरण यांच्याशी सांगड घालण्याची व्यवस्था नव्हती. भाताला हमीभावाने खरेदी आणि पंपाला फुकट वीज हे तसेच ठेवून केवळ तारखा हलवल्या की असेच होणार. पाण्याचे कोणतेही धोरण हा एक प्रयोग असतो, आणि त्याचा निकाल तपासणारी यंत्रणा धोरणाच्या आतच असावी लागते.

मग अशी संस्था कशी असावी? तिची चार लक्षणे सांगता येतील. पहिले, हिस्से निव्वळ टीएमसीत न ठरवता परिस्थितीच्या पायऱ्यांवर ठरवावेत: सर्वसाधारण वर्ष, तुटीचे वर्ष, तीव्र तुटीचे वर्ष. प्रत्येक पायरीवर पिण्याचे पाणी आणि नदीचा किमान प्रवाह आधी राखावा, छोट्या शेतकऱ्याचे एक पीक त्यानंतर, आणि बारमाही पिके व पाणीखाऊ उद्योग यांची कपात सर्वांत आधी व्हावी. दुसरे, पाणी सोडणारा आणि पाणी मोजणारा एकच नसावा. धरण चालवणाऱ्या खात्याने स्वतःच साठ्याचे आणि विसर्गाचे आकडे द्यायचे, ही व्यवस्था खोऱ्यातल्या कोणत्याही दोन पक्षांत विश्वास निर्माण करू शकत नाही. मोजमाप स्वतंत्र यंत्रणेकडे असावे आणि रोज जाहीर व्हावे. तिसरे, पुनर्विलोकनाची मुदत कायद्यातच लिहावी आणि ती चुकली तर परिणामही लिहावा. मुदतीत फेरतपासणी न झाल्यास खोऱ्यात नवा प्रकल्प किंवा नवे पाणी आरक्षण मंजूर करता येणार नाही, एवढी एक अट पुरेशी आहे. चौथे, संस्था एकावर एक रचलेल्या असाव्यात. गावची भूजल समिती आणि पाणी वापर संस्था, त्यांचे प्रतिनिधी असलेली उपखोरे परिषद, राज्यांची खोरे मंडळे, आणि वर एक राष्ट्रीय जल आयोग. मिहिर शहा समितीने २०१६ मध्ये केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय भूजल मंडळ यांचे एकत्रीकरण करून असा आयोग सुचवला होता, कारण नदी आणि भूजल हे एकच पाणी असूनही त्यांचा कारभार दोन खाती वेगवेगळा पाहतात. या आयोगाने हुकूम सोडू नयेत. मोजमापाचे निकष, खोऱ्यांचे खुले आकडे आणि निधीच्या अटी ही त्याची साधने असावीत. मुदतबंद फेरतपासणीसाठी नेदरलँड्सकडे पाहावे. तिथे २०१२ पासून लागू असलेल्या डेल्टा कायद्याने एक आयुक्त, एक स्वतंत्र निधी आणि दरवर्षी संसदेपुढे येणारा कार्यक्रम ठरवला, आणि त्या कार्यक्रमात दर सहा वर्षांनी धोरणाची तपासणी होते. सरकारे बदलली तरी तपासणीचे वर्ष बदलत नाही.

यावरचा पहिला आक्षेप स्थैर्याचा आहे. डाळिंबाची किंवा द्राक्षांची बाग लावणाऱ्याला पुढच्या पंधरा वर्षांचा भरवसा हवा. दर काही वर्षांनी बदलणाऱ्या नियमावर तो गुंतवणूक कशी करणार? आक्षेप गंभीर आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे की आजची व्यवस्था स्थैर्य देते. ती ते देत नाही. कागदावरचा हिस्सा कायम असतो आणि कालव्यातले पाणी अचानक बंद होते. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यातल्या सिंचनदाराकडे पाण्याचा कायमचा हिस्सा असतो आणि दर हंगामात त्याच्या किती टक्के पाणी मिळेल हे साठ्यावरून जाहीर होते. तिथल्या दीर्घ दुष्काळात पाण्याचा वापर जेवढा घटला त्या मानाने शेतीचे एकूण उत्पन्न कमी घटले, याचे एक कारण हे की शेतकऱ्याला कपात आधी कळत होती. अर्थात ते प्रारूप उचलून इथे आणता येणार नाही. भारतातली सरासरी शेतजमीन सव्वा हेक्टरही नाही. इथे पाण्याचा बाजार उघडला तर टंचाईत पहिले हक्क विकेल तो सर्वांत गरजू. शिवाय त्या खोऱ्यातही पाणीचोरीची प्रकरणे उघड झाली आणि २०१८-१९ मध्ये मेनिंडी इथे लाखो मासे मेले. पण हक्क आणि वार्षिक वाटप वेगळे ठेवण्याचे तत्त्व बाजाराशिवायही राबवता येते, हे फडाने आणि पाणी पंचायतीने दाखवले आहे.

दुसरा आक्षेप संघराज्याचा. खोरे मंडळे आणि राष्ट्रीय आयोग म्हणजे केंद्राचा राज्यांच्या अधिकारावर घाला, असे राज्ये म्हणतील, आणि केंद्राची अनेक क्षेत्रांतली वाढती हाव पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. पण आजच्या स्थितीत राज्यांना कोणती स्वायत्तता आहे? एका तंट्याचा निर्णय दिल्लीतले न्यायपीठ करते, दुसऱ्याचा केंद्राने नेमलेला लवाद. खोरे मंडळात राज्ये स्वतः सदस्य असतील, निर्णय त्यांच्या मतांनी होतील आणि तुटीचे कोष्टक त्यांनीच लिहिलेले असेल. राज्यांचा खरा अधिकार वादी म्हणून उभे राहण्यापेक्षा भागीदार म्हणून बसण्यात अधिक आहे.

तिसरा आक्षेप सत्तेचा, आणि तो सर्वांत कठीण. साखरसम्राट, मोठी शहरे आणि उद्योग असे बलिष्ठ घटक कोणतीही संस्था वाकवतील. नवे मंडळ आले म्हणून हे थांबणार नाही, हे खरे. म्हणूनच वर सांगितलेले मोजमाप वेगळे ठेवणे, आकडे खुले करणे आणि मुदतीचा परिणाम कायद्यात बांधणे, ही तांत्रिक कलमे मुळात राजकीय आहेत. ज्याच्या हातात आकडे नाहीत तो न्याय मागू शकत नाही. जायकवाडीच्या कोष्टकामुळे मराठवाड्याला पहिल्यांदा याचनेऐवजी नियमावर बोट ठेवून पाणी मागता आले. त्या नियमाची अंमलबजावणी अपुरी असेल, पण तो सोडून नव्हे, त्याची दुरुस्ती करून पुढे जायला हवे. आणि असा नियम लिहायची वेळ म्हणजे धरणे भरलेली असतानाची, जेव्हा कोणाचे नुकसान होणार हे अजून ठरलेले नसते.

चौथा आक्षेप असा की खरा प्रश्न पाणी कमी असण्याचा आहे, म्हणून नदीजोड करा, वाया जाणारे पाणी वळवा. केन-बेतवा जोडप्रकल्पाला २०२१ मध्ये सुमारे ४४,६०५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. कोकणातले पाणी गोदावरीत आणण्याच्या योजनाही चर्चेत आहेत. यांतल्या काही योजनांचे गुणदोष स्वतंत्रपणे तपासता येतील. पण अधिक पाणी आले की तुटीचा प्रश्न सुटतो, या समजुतीला उजनी धरणाने उत्तर दिले आहे. एकूण ११७ टीएमसी क्षमतेच्या त्या धरणाखाली ऊस वाढत गेला आणि कोरड्या वर्षांत धरण उपयुक्त साठ्याच्या खाली, मृत साठ्यापर्यंत गेले. पाणी आले की मागणी त्याच्यामागे धावते. म्हणून वळवलेल्या पाण्यालाही तुटीचा नियम लागतोच. उलट जितके पाणी अधिक राज्यांतून आणि अधिक जिल्ह्यांतून फिरेल, तितका तो नियम आधी हवा.

तुटीचे वाटप टाळता येत नाही. नियम नसेल तरी ते होतेच. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाळी मिळत नाही, खोल बोअर घेऊ न शकणाऱ्याची विहीर आटते, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या गावात टँकर येतो, घरातल्या बाईचा दिवस पाणी भरण्यात जातो. हे वाटप आज पंपाच्या अश्वशक्तीने, कालव्यावरच्या जागेने आणि मंत्रालयातल्या ओळखीने होते. ते कोणी मोजत नाही, म्हणून कोणी त्याचा जाबही विचारत नाही. १९५६ चा नदी मंडळ कायदा बदलून प्रत्येक मोठ्या खोऱ्याला तुटीचे कोष्टक, स्वतंत्र मोजणी आणि पाच वर्षांची बंधनकारक फेरतपासणी द्यावी, आणि महाराष्ट्राने त्याची सुरुवात गोदावरीच्या जुन्या कोष्टकाची दुरुस्ती करून आणि भीमा व कृष्णेच्या उपखोऱ्यांत नवी कोष्टके लिहून करावी, ही मागणी म्हणून तांत्रिक सुधारणेपुरती नाही. दुष्काळाचे ओझे कोणी किती उचलायचे, हा लोकशाहीतला मोठा निर्णय आहे, आणि तो उघडपणे, लिहून आणि जाब विचारता येईल अशा रीतीने घेतला जावा.